ओढ्यातले रविवार

"ओ मॅडम, काही हरवलंय का?"

बोरीवलीच्या जंगलालगतच्या ओढ्यात वाकलेल्या रेवतीने मान वर केली. काठावर बांधकामाच्या साइटवरचं पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण हसत उभा होता.

"हो. किडे हरवलेत," ती म्हणाली. "बघायचंय?"

तो — शौनक — बुटांसकट पाण्यात उतरला. रेवतीने एक दगड उलटा केला. त्याला बारीक खड्यांची इवलीशी नळी चिकटली होती. आत एक अळी.

"हे घर ती स्वतः बांधते?"

"तोंडातून धागा काढून. सिमेंटशिवाय! कॉलेजपासून दर महिन्याला येते मी इथे. तेव्हा प्रत्येक दगडाखाली असायच्या. आता पुलाखाली, तळ काँक्रीटचा केलाय तिथे, नुसत्या डासांच्या अळ्या. यांना स्वच्छ, वाहतं पाणी लागतं... नखरेल आहेत."

"तुमच्यासारख्या?"

"मी चिखलातही उभी राहते," रेवती फटकन म्हणाली. कान मात्र गरम झाले.

मग तो दर रविवारी येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो दगड उचलायचा, ती किडे मोजायची. गार पाण्यात बोटांना बोटं लागली, की दोघंही उगाच पाण्याकडे बघायची...

एका रविवारी त्याने एकही दगड उचलला नाही.

"रेवती... या ओढ्याला भिंत बांधायचं काम आमच्याच कंपनीकडे आहे. तळालाही काँक्रीट."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"तू बोलणं बंद करशील म्हणून—"

"बंद? आता तर सुरू करणारे! उद्या तुझ्या साहेबांना भेटव."

नंदकुमार साहेब आधी हसलेच. "किड्यांसाठी ड्रॉइंग बदलू?"

रेवतीने टेबलावर दोन ट्रे ठेवले. एकात वरच्या ओढ्यातले नाना तऱ्हेचे किडे, दुसऱ्यात पुलाखालच्या डासांच्या अळ्या. "तळ पक्का केलात, की सोसायट्यांच्या दारात हेच येणार."

"भिंत तशीच राहील, सर," शौनक पुढे झाला. "तळ मोकळा ठेवता येतो. ड्रॉइंग मी करून देतो."

कितीतरी खेटे घातले दोघांनी. शेवटी तळ वाचला. शौनकला मात्र मुलुंडच्या साइटवर धाडलं, राहायलाही तिथेच.

तरी रविवारी तो आलाच. कोवळ्या उन्हात दोघं पाण्यात पाय सोडून बसली.

"आता परत येतील सगळे किडे?"

"लगेच नाही रे. पाणी सुधारलं तर... दहा वर्षं. जास्तही."

"आणि तू मोजत राहणार?"

"राहणार."

शौनक तिच्याकडे वळला. "मग लग्नच करूया ना, इथेच राहू... दहा वर्षं मुलुंडहून यायचं म्हणजे माझी वाट लागेल, यार!"

रेवती खळखळून हसली. मग ओल्या हाताने तिने त्याचा हात घट्ट धरला.

"आईला आजच सांगते. पण लग्नानंतरही रविवार ओढ्याचाच... कबूल?"

"कबूल!"