ताबा तुझा

काचा पुसायला जुन्या सुती सदऱ्यासारखं फडकं नाही. म्हणून त्या दुपारी साडेतीनला मी भावाच्या खोलीकडे गेले. गणवेशाचे ते पांढरे सदरे आता कपाटात कुणाची वाट बघणार होते?

माझा धाकटा भाऊ वैमानिक. छत्तीस वर्षं प्रवासी विमानं उडवली आणि पासष्ट पुरी झाली त्या दिवशी त्याला खाली उतरवला. नियमच तसा. छाती ठणठणीत असो, नजर घारीची असो, पासष्टीनंतर त्या खुर्चीत बसायचं नाही. महिनाभर आधीच्या तपासणीत डॉक्टरांना बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, अजून सुईत दोरा माझा मी ओवते. मला तो नियम शुद्ध आचरटपणा वाटायचा. वाटायचा म्हणतेय, लक्षात घ्या.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. त्याच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले. पुढे तो वैमानिकीचे धडे घोकायचा, तेव्हा खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडायचो. डावीत तो कप्तान, उजवीत मी त्याची जोडीदार. विमान एकाच्या हातून दुसऱ्याकडे देताना 'ताबा तुझा' म्हणायचं, आणि दुसरा 'ताबा माझा' म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. विमानात हे इंग्रजीत चालतं. आपल्या भाषेत मी आणलं. मग घरात गरम पातेलंसुद्धा असंच हातोहात जायला लागलं. त्याची बायको लवकर गेली, पोरगी मीच वाढवली, ती या पातेल्यांवरच शिकली. तीही वैमानिक झाली आणि यंदा कप्तान. बापाच्याच मार्गावर, बापाच्याच विमानावर.

गेले दोन महिने, बाप घरी बसल्यापासून, तिची एकच तक्रार होती. सुकाणू जड लागतं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. कारागिरांनी तीनदा उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. बाप ऐकून घ्यायचा आणि उठून खोलीत जायचा.

दार ढकललं आणि आधी माझे कान दडपले, घाट चढताना दडपतात तसे. मग रॉकेलचा वास आला, विमानतळावर येतो तसा. आमच्या घरात रॉकेल येऊन वीस वर्षं झाली असतील.

खिडकीपाशी पूर्वीसारख्या दोन खुर्च्या मांडलेल्या, डावीत तो पाठमोरा बसला होता. दोन्ही हात हवेत, मुठी वळलेल्या, आणि त्या मुठींना काहीतरी खेचत होतं. पुढे. मागे. पुन्हा पुढे. खिडकीबाहेर नुसतं धुकं.

"बाळ्या..."

"अक्का, धावपट्टी दिसत नाहीये."

भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली. पोरीचं विमान उतरायची वेळ.

मी जवळ गेले. त्याच्या मुठी थरथरत होत्या. बारीक, पण थांबत नव्हत्या. डॉक्टरांना न दिसलेलं ते मला दिसलं. शहाणा तो नियमच होता, आचरट मी.

"सोड," मी म्हटलं. "पोरगी बसलीय तिथे."

"माहितीये... सोडता येत नाही गं. शेवटच्या दिवशी फुलं दिली, फोटो काढले... ताबा कुणी मागितलाच नाही."

काच घुमायला लागली. पायाखालची फरशी पुढे कलली आणि माझी चप्पल सरकली. मी गुडघ्यांवर बसले, त्याच्या मुठी धरल्या. गारठलेल्या होत्या. पातेलं मागावं तशा आवाजात मी म्हटलं, "ताबा दे इकडे."

तो रडत होता. "ताबा तुझा, अक्का."

"ताबा माझा."

त्याचे हात मांडीवर पडले. माझ्या तळव्यांत काहीतरी आलं. जड, थंड, धडधडणारं. मी जन्मात सायकल चालवलेली नाही. मी ओढलं नाही, ढकललं नाही. पोरगी चालायला शिकली तेव्हा तिचं बोट धरलं होतं, तेवढंच सैल धरलं. पलीकडून तिची ओढ कळत होती. मग पायाखाली एक धक्का बसला. वास गेला.

वीस मिनिटांनी तिचा फोन आला, तोवर भाऊ खुर्चीतच झोपला होता. आत्या, उतरले, शेवटच्या क्षणी सुकाणू एकदम सुटलं, ती सांगत होती. फोन मी खांद्याने कानाशी धरला होता, कारण माझे तळवे अजून रिकामे झाले नव्हते.

"पोरी, ताबा तुझा," मी म्हटलं.

ती हसली. कुठलं पातेलं आलं आता, म्हणाली. आणि मग, "बरं, ताबा माझा."

पण माझे तळवे त्याआधीच रिकामे झाले होते. ती हसत होती तेव्हाच, उजव्या रिकाम्या खुर्चीतून, हळू, पुरुषी आवाजात कुणीतरी ते दोन शब्द म्हणालं होतं.

मी तिला सांगितलं. फोनमध्ये आवाज घुमतो, आत्या, म्हणते. घुमत असेल. पण माझा भाऊ तोंड मिटून झोपला होता.

परवा पुन्हा तिचा फोन आला, खुशीत होती. सुकाणू आता इतकं हलकं झालंय म्हणे, हात लावावाच लागत नाही.