रंभाबाईची जोडी

निंगव्वाक्का, बसा की जरा. लाईट गेली तर गेली, चिमणी हाय. तुमी मैंदर्गीला गेलता त्या सांजंचं सांगते. मधी बोलू नका, माजं टकुरं आधीच फिरलंय.

तुरुंगातनं सुटल्यापास्नं भायेरनं कडी लागल्याबिगर मला झोप न्हाय, ते तुमाला ठावंच हाय. रोज तुमालाच हाक मारायची. गल्ली हसती. हसूंद्यात मेले! पण कडीच्या आदी मी दाराशी मांडी घालून बसायची, शेजारी एका माणसाची जागा सोडून. ते का, ते तुमी कदी इचारलं न्हाय.

बराकीत सांजंला गिनती व्हायची, तवा आमाला जोडीजोडीनं बसवायचे. माजी जोडी रंभाबाई. दाताला कायम मिसरी. कुटनं मिळवायची देव जाणे. ती आतच मेली. दुसऱ्या सांजंला मी एकटी बसले, आन् शेजारनं मिसरीचा वास आला... तवापास्नं जागा सोडते.

माजी पोरगी सृष्टी लहानपणापास्नं नणंदेकडं. नणंद म्हणाली, "वैनी, हे खूळ सोडा, मग पोरगी न्या." एक रात्र पाठवली तिला, बघायला म्हणून.

मी ठरवलं, आज बसायचं न्हाय. कडी घालायला तुमी पण नव्हता. लई बरं म्हटलं. दाराकडं पाठ करून भाकरी थापत बसले. दिवेलागण झाली. जीव नुस्ता दाराकडं वढत हुता, पण उठले न्हाय. भाकरी फुगली तशी मीबी फुगले. पोरगी आपली झाली म्हटलं!

मग वास आला. मिसरीचा.

"सृष्टे?"

"आई, हळू बोल... गिनती चाललीया."

वळून बघितलं. पोर दाराशी मांडी घालून, मान खाली. तिला गिनतीचं कुणीच सांगितलं न्हवतं, अक्का. मी धावत शेजारी बसाय गेले, तर तिनं हात आडवा केला.

"हितं नको... हितं बाई बसलीया. तू मागं बस. तुला जोडी न्हाय."

आन् भायेरनं कडी लागली.

सकाळी नणंदेनंच ती काढली, आन् पोरीला घेऊन गेली. काल तिचा फोन आला. "वैनी, ही रोज सांजंला दाराशी का बसती? आन् हिच्या फ्रॉकला मिसरीचा वास कशाचा? आमच्या घरात कुणी लावत न्हाय."

काय सांगू तिला? म्हणून म्हणते अक्का, आज कडी घालू नका. मला आता दार सताड उघडं टाकूनबी झोप लागती.