गोधडीचं पोट

लॅपटॉप जागेवर होता, मोबाइल जागेवर होता. बाजेवरची गोधडी तेवढी गेली होती, आणि बोरीतल्या लिंबाजींच्या घरात सकाळीच रडारड चालली होती.

"दुपारी पुण्याची गाडी हाय ताई, उद्या मुलाखत," लिंबाजींची मुलगी अर्पिता म्हणाली. "जमली तर जर्मनीला शिकायला जाईन. माझं सगळं काम त्या गोधडीवर हाय!"

राजेश्रीताई परभणीत खासगी तपास करतात. सोबत मावसभाऊ भागवत. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा सावकाश.

"गोधडीवर कसलं काम?" त्यानं विचारलं.

"एका प्रत्ययाचं घराणं, ठिगळाठिगळावर शिवून घेतलंय. मधल्या ठिगळावर 'हाइदुज', जर्मन-इंग्रजीच्या मूळ भाषेतला. आधी सुटा शब्द होता, अर्थ रीत, अवस्था. मग दुसऱ्या शब्दांना मागून चिकटत गेला. जर्मनमधी 'हाइट' झाला, इंग्रजीत 'हूड'. आपलं बालपण तिकडं किंडहाइट, चाइल्डहूड."

"तो जुना शब्द लिहिलेला सापडला कुठं?"

"कुठंच न्हाई. नातींच्या तोंडावळ्यावरून आजी ओळखावी, तसा ओळखलाय."

"म्हणजे आमचाच धंदा," ताई हसल्या.

लिंबाजी खांबाला टेकून बसले होते. "पोरगी लांब जायली, जीव तुटायलाय. पण तिची वाट अडवीन व्हय मी?"

अर्पिताची वहिनी शिवकन्या चुलीपाशी होती. "मला काय ठावं? पयली भाकर दुरडीत झाकून पाण्याला गेले. आले तर चतकोर गायब. झाकण होतं तसंच. कुत्र्यानं नेली आसंल."

भागवतनं घाईनं तोंड पुसलं. "मी न्हाई हं!"

शेजारच्या कासाबाईंनी गोधडी शिवली होती. त्यांची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. "पोरगी गडबडीत होती बाई. थोडं ऱ्हायलंय म्हणलं, तरी काल हातातून वढून नेली."

ताईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"चोर लॅपटॉप सोडत नाही. कुत्रं चतकोर तोडून दुरडी परत झाकत नाही. गोधडी आणि भाकर एकाच हातानं नेली. कासाबाई, काय राहिलं होतं?"

कासाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मी सांगते. माझी आईही गोधडी शिवायची. शेवटी हळद लावून भाकरीचा तुकडा आत घातल्याशिवाय ती कुणाला देत नसे. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणायची."

"सातासमुद्रापार जायली लेकरू," कासाबाई रडू लागल्या. "उपाशी गोधडी कशी पाठवू? भाकर तिच्याच घरची पायजे. सांगितलं तर शिकलेली पोरगी हसंल वाटलं. गुपचूप परत ठेवणार हुते, तर चोर चोर म्हणून गलका झाला. भ्याले मी."

त्यांनी घरून गोधडी आणली. मधल्या ठिगळाभोवती नवा टाका होता. अर्पितानं हात फिरवला. आत बारीकसा उंचवटा लागला, वरून काही दिसत नव्हतं.

ती कासाबाईंच्या गळ्यातच पडली. "मावशी, लय उपकार झाले तुमचे! मी कशाला हसू? आई गेल्यापासून माझ्या पोटाची काळजी तुमीच केली. आता तिथंबी तुमचीच भाकर."

"खायची न्हाई हं ती," कासाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पांघरायची."

लिंबाजींनी तोंड फिरवून घेतलं. भागवतनं हळूच विचारलं, "वहिनी, उरलेली भाकर कुणाची?"