आईच्या आवाजाची डिस्क

आलेला माणूस खुर्चीला पाठ टेकायला तयार नव्हता. खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा चढवायचा. त्याच्याकडे बघूनच वकीलसाहेबांना दमायला झालं. जरा निवांतपणा मिळावा म्हणून ते वकिली सोडून ताईंच्या तपासकामात मदतीला आले होते, आणि इथे रोज असं कोणीतरी दारात उभं.

"डिस्क कोरी निघाली," तो शेवटी म्हणाला. "घरचे म्हणतात मी बिघडवली. मी बिघडवलेली नाही."

मग हकिगत बाहेर आली. त्याच्या आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं; आवाज जाणार हे नक्की होतं, जगण्याची खात्री नव्हती. त्याच्या बहिणीला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडासाठी आईने दार लावून, मागून आणलेल्या छोट्या रेकॉर्डरवर गोष्टी सांगून ठेवल्या. त्याने त्या घरच्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि डिस्कवर उतरवल्या. बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवून, सगळ्यात कमी वेगाने. झाल्यावर डिस्क मूळ फायलींशी ताडून पाहिली. पार काठापर्यंत भरली होती. नावसुद्धा त्याने मऊ टोकाच्या पेनने मधल्या पारदर्शक गोलावरच लिहिलं, कारण बॉलपेनच्या टोकाने डिस्कला इजा होते.

पुढे रेकॉर्डर परत गेला, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जळाली, ती बदलावी लागली. उरली ती एकच डिस्क. आणखी एक प्रत काढू म्हटलं की आई हातानेच 'नंतर' म्हणायची. रविवारी बहिणीने ती नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये घातली, तर काही उघडेना. तेव्हापासून तिने भावाशी बोलणं टाकलं होतं, डिस्कला हातही लावू देत नव्हती.

"त्या गोष्टी तुम्ही ऐकल्या होत्या?" ताईंनी विचारलं.

"नाही. फायली ताडल्या, बास. ऐकायची हिंमत झाली नाही."

एवढं बोलून तो उठलाच. आईला नळीतून जेवण द्यायची वेळ झाली होती, आणि ते काम ऑपरेशनपासून तोच करत होता.

ताई आणि वकीलसाहेब त्याच्यासोबतच घरी गेले. बहीण दिवाणखान्यात सोफ्यावर अवघडून बसली होती. माहेरी आल्यापासून डॉक्टरांनी तिला जिना बंद केला होता. तिने डिस्क ताईंच्या हातात दिली आणि दादाला आयुष्यात एक काम सरळ जमलं नाही, असं भिंतीकडे बघत सांगितलं. ताईंनी डिस्क उजेडात धरली. वरच्या बाजूला बॉलपेनने, दाबून दाबून 'आईच्या गोष्टी' असं लिहिलेलं. उलटी केली, तर मधल्या भोकाभोवती जेमतेम बोटभर गडद कडं, पुढे सगळी फिकट.

कॉम्प्युटर माळ्यावर होता. उभ्या जिन्याने जावई त्यांना वर घेऊन गेला. आपण फक्त लॅपटॉप वापरतो, या यंत्राशी आपला संबंध नाही, असं तो म्हणाला. ताईंनी त्याला ड्राइव्हचा ट्रे उघडायला सांगितलं. त्याने बटण दाबलं. घरघर झाली, ट्रे काही बाहेर येईना. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात आई पाणी घेऊन वर आली. कृश बाई, गळ्याला रुमाल, कमरेशी छोटी पाटी. हे तुम्ही वापरता का, असं ताईंनी विचारल्यावर तिने पाटीवर लिहिलं, मला तर हे सुरूही करता येत नाही. जावई बटणाशी झटतच होता. तिने पेले टेबलावर ठेवले, सहज हात पुढे करून ट्रेच्या डाव्या कोपऱ्याला खालून अंगठा दिला, आणि ट्रे सरकन बाहेर आला.

वकीलसाहेब पाणी प्यायले. जावयावर त्यांचा संशय बसला होता. माणूस फार घामाघूम झाला होता.

खाली सगळे जमल्यावर ताईंनी आधी भावाला मोकळं केलं.

"डिस्क बिघडलेलीच नाही. ही दुसरी आहे. जिथे लिहिलं जातं तिथे डिस्क गडद होते, आतून बाहेर. यांची काठापर्यंत भरलेली होती, ही बोटभर भरून मध्येच थांबलीय. घाईने, भरधाव वेगात केलेली प्रत. आणि हे डिस्कवर बॉलपेन टेकवणार नाहीत."

मग कोणी, असं बहिणीने विचारलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही जिना चढत नाही. तुमच्या यजमानांना अडकलेला ट्रे उघडता येत नाही. इथे आणखी एकाच माणसाला तो उघडता येतो, आणि दुसरी प्रत तेच माणूस लांबवत होतं."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. वकीलसाहेबांना आता कुठे अंगठा आठवला.

"त्यांना डिस्क नष्ट करायची नव्हती," ताई पुढे म्हणाल्या. "तसं असतं तर त्या प्रत कशाला काढत बसल्या असत्या? त्यातलं काहीतरी वगळून नवी करायची होती. जमली नाही, तोवर डिस्कची डबी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात ही ठेवली. काय वगळायचं होतं ते मी विचारणार नाही."

आईने पाटी हातात घेतली. खडू टेकवायची, उचलायची. मग आत गेली आणि उशीच्या अभ्र्यातून डिस्क काढून मुलाच्या हातात दिली. लाव, अशी खूण केली.

लॅपटॉपमधून आवाज आला. भरदार, हसरा. बहिणीने तोंडावर पदर धरला. आईने स्वतःच हात पुढे करून शेवटची फाईल लावली.

"बाळा, मी नसेन तेव्हा एक ऐक. तुझ्या मामासारखा होऊ नकोस. त्याला यंत्रं कळतात, माणसं नाही. आईजवळ घटकाभर बसायला त्याला कधी जमलं नाही."

सकाळपासून एका जागी न टेकलेला तो माणूस आईशेजारी जमिनीवर बसला.

"खरंच होतं ते," तो म्हणाला.

आईने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'तेव्हा.'

त्याने शेवटची फाईल सोडून नव्या डिस्क करायचं कबूल केलं, या वेळी दोन, संथपणे. दादा, मीही तुझ्याशेजारी बसून ऐकते, असं बहीण पुटपुटली. जुनी डिस्क मोडून टाकायला आईने हात पुढे केला, तेव्हा मात्र त्याने ती दिली नाही.

"ही माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या आवाजात माझ्याबद्दल एवढंच आहे."