शिकारीच्या सकाळची भाकरी

काळधार गडाचे किल्लेदार रायाजी थोरवे यांच्या थोरल्या लेकीचं बारसं ज्या हिवाळ्यात झालं, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. मुलीचं नाव कृष्णाई ठेवलं. सदरेवर साखर वाटली, नगारखान्यात नौबत झडली, पायथ्याच्या वाड्यांतून बायका कुंच्या-टोपडी घेऊन गड चढून आल्या. आणि या सगळ्या गडबडीत किल्लेदारांचे चुलते कावजीराव थोरवे मात्र एका बाजूला पाळण्याकडे पाहत बसून होते. मुलगी झाली, म्हणजे रायाजीला अजून वारस नाही. आज त्याचं काही बरंवाईट झालं तर किल्लेदारी आपल्याकडे येईल. पुढं मुलगा झाला तर कधीच येणार नाही. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पौष लागला तशी पहिल्या शिकारीची तयारी सुरू झाली. खालच्या खोऱ्यात शाळू कमरेएवढा वाढला होता आणि रानडुकरं रात्रीतून शेतंच्या शेतं लोळवून जात होती. दर हिवाळ्यात गडावरून शिकार उतरायची, ती कारवानी कुत्री घेऊन. लांब तोंडाची, हडकुळ्या अंगाची, वाऱ्यासारखी धावणारी ही कुत्री शिकारखान्याचा नाईक खेमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ धुळाजी यांनी वाढवलेली होती.

त्या शिकारीच्या काही रीती होत्या. हिवाळ्यातलं पहिलं डुक्कर किल्लेदाराचं. कुत्र्यांनी दोन्ही कानांना धरून ते जागेवर खिळवायचं आणि किल्लेदारानं घोड्यावरून उतरून, पायी पुढं होऊन, बरची चालवायची. पिलांच्या डुकरिणीवर कुत्री सोडायची नाहीत. आणि शिकारीच्या आदल्या दुपारनंतर कुत्र्यांच्या तोंडी काही घालायचं नाही. उपाशी कुत्रं कान धरतं ते जीव गेला तरी सोडत नाही. पोट भरलेलं कुत्रं धावतं, भुंकतं, पण दात रुतवायची वेळ आली की अंग चोरतं.

यातली एक रीत रायाजींनी स्वतःच मोडायला काढली होती. आदल्या हिवाळ्यात, नवं लग्न झालेलं असताना, त्यांचे मेहुणे शिकारीला आले होते. दिवसभर डुक्कर मिळेना. शेवटी करवंदीच्या जाळीतून एक डुकरीण निघाली, मागं पिलांची रांग. मेहुणे हसून म्हणाले, "दाजी, गडावरची कुत्री नुसती भाकरी खायलाच ठेवलीत का?" रायाजींना ते लागलं. त्यांनी कुत्री सोडायचा हुकूम दिला. धुळाजीनं हातातला दोर सोडला नाही. "सरकार, पिलं हायेत संगं. हे पाप माझ्या हातून व्हायचं न्हाई," एवढंच तो बोलला. पाहुण्यांसमोर हुकूम मोडला म्हणून रायाजींनी त्याच संध्याकाळी त्याला अंधारकोठडीत टाकलं. चार दिवसांनी सोडू, असं त्यांच्या मनात होतं. मग पाऊसकाळ आला, बायको बाळंतपणाला टेकली, कामं वाढली. कोठडीची देखरेख कावजीरावांकडे होती. रायाजी धुळाजीला विसरून गेले. पुढं सगळं कळल्यावर त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली ती या विसरण्याची.

शिकारीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, कावजीराव शिकारखान्यात आले. खेमाजी कुत्र्यांच्या पंजांना तेल चोळत होता. त्यानं उठून मुजरा केला.

"बैस, नाईक. धुळाजीची खबर घेऊन आलोय."

खेमाजीनं तेलाची वाटी खाली ठेवली. "कसा हाय जी तो?"

"कसा असणार? बेड्यांनी पाय सुजलेत. मी दोनदा रायाजीपाशी शब्द टाकला. म्हणतो, सडू दे. तुझा धनी तो, मी काय बोलणार?"

खेमाजीनं स्वतः सदरेवर पागोटं ठेवून विनवणी करायची तीन वेळा ठरवलं होतं आणि तिन्ही वेळा कावजीरावांनीच त्याला दिंडीपाशी अडवून, "आत्ता नको, सरकार रागात आहेत," असं सांगून परत पाठवलं होतं. त्यामुळं कोण खरं आणि कोण खोटं हे कळायला त्याला मार्गच उरला नव्हता.

"उद्या संध्याकाळी मी तुझ्या भावाच्या बेड्या तोडतो," कावजीराव हलक्या आवाजात म्हणाले. "तुला काही करायचं नाही. कुणावर हत्यार धरायचं नाही. पहाटे कुत्र्यांना भाकरी घाल, एवढंच. पोटभर."

"सरकार पायी जात्यात डुकरापुढं," खेमाजी म्हणाला.

"जातात."

"कुत्री धरणार न्हाईत मग."

"नाईक, मी कुत्र्यांना जेवू घाल म्हणालो. त्यात वाईट ते काय?"

कावजीराव निघून गेले. खेमाजी तिथंच बसून राहिला. नकार द्यायला त्याला तेवढा वेळ पुष्कळ होता. त्यानं तो दिला नाही.

पहाट फार गार होती. खोऱ्यात धुकं भरलं होतं, त्यातून गडाचे बुरूज तेवढे वर आलेले दिसत होते आणि पूर्वेकडची तटबंदी हळूहळू तांबूस होत होती. खेमाजीनं बाजरीच्या भाकऱ्या ताकात कुस्करून कुत्र्यांपुढं ठेवल्या. कुत्री क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, कारण आज काय आहे हे त्यांना दोर आणि पट्टे पाहून कळलं होतं. पण धन्याच्या हातची भाकरी, ती खाल्ली. खाल्ली नाही ती एकट्या टिटवीनं. टिटवी म्हणजे सगळ्यांत म्हातारी कुत्री. तिच्या चिरक्या भुंकण्यामुळं धुळाजीनं तिचं हे नाव ठेवलं होतं. तिनं परात हुंगली आणि तोंड फिरवून दाराशी जाऊन उभी राहिली.

"खा की गं," खेमाजी म्हणाला. "खा म्हणतो ना."

तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. खेमाजीनं पदरचा गूळ भाकरीवर ठेवून पाहिला. मग परात उचलून कोनाड्यात सारली आणि तिच्या गळ्यात पट्टा अडकवताना तिच्या नजरेला नजर दिली नाही.

ऊन अंगावर येईस्तोवर हाकारे ओढ्याच्या दोन्ही काठांनी पसरले. थाळ्या, ढोल, आरोळ्या यांनी रान दणाणलं, आणि बोरीच्या जाळीतून कळप सोडून राहणारं एक जुनं, एकलगं डुक्कर बाहेर आलं. मानेवरचे केस ताठ, सुळे वितीएवढे. कुत्री सुटली. धावण्यात त्यांनी काही कमी केलं नाही. ओढ्याच्या वळणावर त्यांनी त्याला कड्याशी कोंडलं आणि भोवती कडं करून भुंकू लागली.

रायाजी घोड्यावरून उतरले. शेला कमरेला बांधला, बरची पेलली आणि पुढं झाले. मागं उंचवट्यावर कावजीराव घोड्यावर बसून होते.

"नाईक, कान धरवा!"

खेमाजीनं शीळ घातली. ढाण्या नावाचा दांडगा कुत्रा पुढं झेपावला, पण कानापर्यंत पोचून कचरला. त्या एका क्षणात डुकरानं मान फिरवली आणि सुळा त्याच्या पोटातून आरपार गेला. बाकीची कुत्री मागं सरली. डुक्कर आणि किल्लेदार यांच्यामध्ये आता कुणीच नव्हतं. रायाजींचा पाय ओल्या दगडावरून सटकला, ते गुडघ्यावर आले, बरची बाजूला पडली.

तेव्हा टिटवी आत शिरली. तिनं उडी घेऊन डावा कान धरला. डुकरानं तिला दगडावर आपटलं, काट्यात फरफटवलं. तिनं कान सोडला नाही. एका कानाला एकच कुत्री लटकत होती. दुसऱ्या कानाची जागा मोकळी होती.

खेमाजी तिकडं धावला. त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी उजवा कान धरला, डुकराच्या मानेवर अंग टाकलं आणि ओरडला, "मारा सरकार! मारा!" सुळ्यानं त्याची मांडी फाडली. रायाजींनी बरची उचलली आणि खांद्यामागून काळजात घातली.

डुक्कर पडलं. टिटवीची पाठ मोडली होती. दात मात्र कानात तसेच होते. खेमाजीला ते बोटांनी सोडवावे लागले, आणि ते सोडवत असतानाच तिचा जीव गेला.

हाकारे गोळा झाले. "नाईकानं गड राखला!" कुणीतरी ओरडलं. रायाजींनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. खेमाजीला ते द्यायला म्हणून ते वळले आणि वाटेत ढाण्या पडला होता तिथं थांबले. फाटलेल्या पोटातून आतडी बाहेर आली होती आणि आतड्यांबरोबर ताकात भिजलेली बाजरीची भाकरी. अजून ओळखू येत होती.

सगळ्यांनी पाहिलं. आरोळ्या थांबल्या. काळधारच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

"खेमाजी," रायाजी म्हणाले, "ही कुणी घातली?"

"म्या घातली जी."

"कशापायी?"

"धुळाजीपायी. काकासरकार म्हनले, सांजच्याला बेड्या तोडतो." खेमाजीच्या मांडीतून रक्त वाहत होतं. तो टिटवीचं डोकं हातात घेऊन बसला होता. "हिनं खाल्ली न्हाई. मला हिच्याइतकंबी कळलं न्हाई, सरकार."

कावजीराव उंचवट्यावरून खाली आले. "कुत्रेवाल्याच्या तोंडावर विश्वास ठेवून तू चुलत्याला जाब विचारणार, रायाजी? उडवा त्याची मान!"

"मान उडवायची घाई नको, काका. आधी वर जाऊ आणि तुमच्या शब्दाचं धुळाजीला काय ठाऊक ते विचारू. त्याला बाहेर काढा."

कावजीरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी लगाम आवरला, पण घोडा वळवायच्या आत शिलेदारांनी त्यांच्याभोवती घोडी घातली होती.

गडावर येताच रायाजींनी स्वतः मशाल घेतली आणि कोठडीच्या पायऱ्या उतरले. खेमाजीला दोघांनी धरून आणलं होतं. पहारेकरी दाराशीच पायांवर पडला. "धनी, तो नाही आत. बारशाच्या आधीच तापानं गेला. कावजीरावांनी बोलू नको म्हणून शपथ घातली. मागच्या तटाखाली पुरलाय."

वरून, महालातून, बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"म्हंजी," खेमाजी म्हणाला, "मेलेल्याच्या सुटकेला म्या जित्याचा सौदा केला."

"आणि त्याला इथं टाकून मी बाळाच्या नावानं साखर वाटली," रायाजी म्हणाले. "तो ज्या दिवशी खरं बोलला त्या दिवशी मी त्याला आत घातलं, खेमाजी. तुझी मान उडवायला माझा हात कुठून उठेल?"

त्यांनी कावजीरावांचीही मान उडवली नाही. हत्यार आणि पागोटं काढून घेऊन त्यांना चोरदिंडीतून उघड्या डोक्यानं गडाबाहेर घातलं. ते सोन्याचं कडं खेमाजीनं घेतलं नाही, आणि रायाजींनीही ते पुन्हा हातात घातलं नाही. देवीच्या पेटीत पडून राहिलं. खेमाजी बरा झाल्यावर लंगडत शिकारखान्यात परत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलंही नाही. तिथून पुढं दर शिकारीच्या पहाटे किल्लेदार शिकारखान्यात यायचे आणि एकेका कुत्र्याच्या पोटाखालून हात फिरवायचे. खेमाजी बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ही गडाची जुनी रीतच वाटे, आणि तो समज कुणी दूर केला नाही.

धुळाजी नाईक मार्गशीर्ष वद्य नवमीला अंधारकोठडीत तापानं वारला. टिटवी आणि ढाण्या पौष शुद्ध पंचमीच्या सकाळी ओढ्याच्या वळणावर मेली. त्यांना धुळाजीच्या शेजारी पुरलं. कावजीराव थोरवे पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी धर्मशाळेत मेले. रायाजी थोरवे कृष्णाईच्या लग्नानंतरच्या चैत्रात, अंथरुणावरच वारले. खेमाजी नाईक त्याच वर्षी, हिवाळ्यातल्या पहिल्या शिकारीच्या पहाटे, शिकारखान्याच्या दाराशी बसल्या जागी वारला. त्यानं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.