डाळिंबी थेंबाचं कुलूप

गुरुवारी वीज नसते, हे चाकणपासून ताथवड्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. कारखान्यांना सुट्टी, तारांची दुरुस्ती, सकाळी गेलेली वीज थेट पाचला. तरी मधुसूदन साहेबांनी मुमताजला गुरुवारीच दुपारी दुरुस्तीला बोलावलं. त्यांच्या ताथवड्यातल्या घरात कपाटाएवढं गेम मशीन होतं, पूर्वी नाणं टाकून खेळायचे तसलं. चालू केलं की मिनिटात मरायचं. आणि साहेबांना सुट्टी गुरुवारचीच.

फोनवर नाव ऐकून मुमताजने सोल्डरगन खाली ठेवली. हे नाव तिने तीन वर्षं जपलं होतं, माणूस ठेवणीतली शिवी जपतो तसं.

तिचा नवरा अजीज आधी गेमची मशीनं दुरुस्त करायचा. चौथी शिकलेल्या बायकोलाही त्यानेच शिकवलं. मग तो चाकणच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन लागला. तिथला नियम असा की पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. अजीज तर घरी ट्यूब बदलतानाही मीटरला कुलूप लावायचा. ओळखीसाठी त्यावर मुमताजच्या नेलपॉलिशचा डाळिंबी थेंब.

असा माणूस एका गुरुवारी पॅनेलला चिकटून मेला. वीज गेलेली होती, पण कोणीतरी जनरेटर चालू केला. अपघाताच्या रिपोर्टवर मॅनेजर म्हणून मधुसूदन साहेबांची सही होती: कामगाराने कुलूप लावले नव्हते, चूक कामगाराची. अजीजच्या खिशात किल्ली सापडली. कुलूप काही सापडलं नाही.

ती किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून मुमताजने गळ्यात घातली होती. तिला या माणसाकडून एकच वाक्य हवं होतं. कुलूप होतं. बस.

लिफ्ट जनरेटरवर चालत होती. अकराव्या मजल्यावर साहेबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भरदुपारी सगळे पडदे ओढलेले.

"वीज नसताना बोलावलंत," ती म्हणाली.

"उघडून तर ठेवा, बाई. पाचला वीज आली की लावून बघू."

"घरात कोणी नाही?"

"बायको पोरांना घेऊन माहेरी गेलीये. मशीनचा आवाज सहन होत नाही म्हणते."

"बंद मशीनचा?"

साहेबांनी तिला मशीनपाशी नेलं.

तिने मागची फळी काढली. वायरचा प्लग फरशीवर लोळत होता. तो तिने उचलून पाहिला, बाजूला ठेवला, आणि आत बॅटरी मारली.

"पॉवर सप्लायचा डबा नवा दिसतोय."

"चौथा आहे. तीन जळले. हा परवाच आणला, मीच सील फोडून बसवला."

आतून वास आला. जळक्या वायरचा नव्हे. ओल्या नेलपॉलिशचा.

सप्लायवर व्होल्ट लावायचा बारका स्क्रू असतो. लांब वायर थोडे व्होल्ट खाते, म्हणून अजीज पाचच्या जागी पाच पॉइंट एक लावायचा, आणि स्क्रू हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. या स्क्रूवरही थेंब होता. डाळिंबी. तिने बोट लावलं. बोटाला रंग आला.

तिने आपल्या व्होल्टमीटरच्या सुया टेकवल्या. पाच पॉइंट एक.

प्लग तिच्या पायाशी पडलेला. साऱ्या ताथवड्यात वीज नाही. आणि मशीनचा पडदा हळूहळू निळा झाला... आवाज नाही, काही नाही. नुसता उजेड, साहेबांच्या तोंडावर.

"बंद करा..."

"कुठून करू? लावलेलंच नाही."

तिने बॅटरी खाली वळवली. मशीनच्या तळाशी चिखलाचं थारोळं होतं. जलपर्णी कुजल्याचा वास. थारोळ्यात एक लाल कुलूप, वर डाळिंबी थेंब. तिने ते उचललं, तसं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

साहेब भिंतीला टेकले. "हे... हे मी देहूच्या पुलावरून नदीत टाकलं होतं. कडी कापून..."

"कडी कापून," मुमताज म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. "माणूस आत होता, साहेब. त्याचं कुलूप दिसत होतं. तरी कापलंत."

"ऑर्डर अडकली होती. वरून फोनवर फोन... तुम्ही कोण?"

"अजीजची बायको. आता हेच कागदावर लिहून द्या."

साहेबांनी कुलपाकडे पाहिलं. मग नीट पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर रंग परत आला. कडी अखंड होती.

"कुठं कापलंय? हे धड कुलूप तुम्हीच आणलं असेल पिशवीतून. मी काही बोललो नाही. निघा."

एवढं बघूनही हा मेला कबुलीला तयार नव्हता. मुमताजने गळ्यातली किल्ली कुलपात घातली. फिरली. कुलूप उघडलं, तिने पुन्हा लावलं, पिशवीत टाकलं आणि किल्ली कुर्त्यात सोडली.

"मशीन चांगलं आहे," दारातून ती म्हणाली. "बिघाड तुमच्यात आहे."

सहाला दुकानात फोन वाजला.

"ताई..." बाई गेली होती, ताई आली होती. "सगळ्या बिल्डिंगची वीज आली. आमचीच नाही. खाली मीटरला कुलूप आहे, लाल. तुम्ही लावून गेलात का?"

मुमताजने पिशवी उलटी केली. चिखल पडला. कुलूप नव्हतं.

"वायरमनने कापून पाहिलं. त्याचाच कटर तुटला. ताई, किल्ली घेऊन या. मशीन चालूच आहे, आणि... आणि बटणं कोणीतरी दाबतंय."

"ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तुमच्याच कारखान्याचा नियम आहे, साहेब. बोलवा त्याला."

फोनमधून टक् आवाज आला. कडीत कुलूप बसल्याचा, अगदी जवळून.

"दाराला लागलं," साहेब पुटपुटले. "आतून..."

"मग बसा लिहायला. मशीनचा उजेड आहे की."

फोन ठेवून तिने गळ्याला हात लावला. दोरा होता, गाठ तशीच घट्ट होती. किल्ली नव्हती.