शॉकअप अजून आलेला नाही

कसबा पेठेतल्या त्या गल्लीत समोरासमोर दोन माणसं आली, की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. तिथे त्या सकाळी एक हजार सीसीची मोटरसायकल शिरली, आणि तीही दोन्ही अंगांना सुटकेसएवढे ॲल्युमिनियमचे बॉक्स लावून. चाळीसेक पावलं आली, आणि उभी रिक्षा नि भिंत यांच्यामध्ये पाचर ठोकावी तशी अडकली.

ऋतुजाने दुकानाच्या दारातून हे सगळं पाहिलं. गाडीवरचा माणूस आधी पुढे ढकलून बघत होता, मग मागे. मग त्याने उतरायचा विचार केला, पण पाय टाकायलाच जागा नव्हती. हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती.

ती जवळ गेली. "किती वेळ थांबणार आहात?"

"म्हणजे?"

"नाही, मागे सहा माणसं आणि एक भाजीची हातगाडी उभी आहे. त्यांना सांगायला बरं."

"मी… अडकलोय हो."

"अच्छा. मला वाटलं, पार्किंग केलंय." तिने वाकून बॉक्सचं कुलूप पाहिलं. "किल्ली?"

"जॅकेटच्या उजव्या खिशात. पण हात सोडला तर गाडी पडेल…"

मागून भाजीवाला ओरडला. मग ऋतुजानेच त्या अनोळखी माणसाच्या खिशात हात घातला. आत किल्ली, एक कंगवा आणि अर्धी खाल्लेली राजगिरा वडी निघाली. कंगवा आणि वडी तिने मुकाट परत ठेवली. हेल्मेटच्या आतून एक लाजलेला आवाज आला, "डायबिटीस नाहीये मला. सहज ठेवतो."

बॉक्स निघाला आणि गाडी सुटली. भाजीवाला पुटपुटत पुढे गेला. त्या माणसाने हेल्मेट काढलं… कपाळाला चिकटलेले केस, गोल चेहरा आणि दिलगीर डोळे. नाव सलिल आगाशे, राहणार कर्वेनगर, नोकरी कॉम्प्युटरवर.

"इथे दत्तप्रसादांच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात सस्पेन्शनचं काम करणारे कुणी आहेत म्हणे. ते आहेत का?"

"ते नाहीत," ऋतुजा म्हणाली. "ती आहे."

दुकानाचा पुढचा अर्धा भाग तिच्या बाबांचा. दत्तप्रसाद तिथे बसून दिवसभर तांब्याचे हंडे-बंब ठोकत. मागचा अर्धा तिचा. पाच वर्षं चाकणच्या कंपनीत शॉकअप तपासून झाल्यावर तिने नोकरी सोडून हे दुकान मांडलं होतं. पुण्यातले मोठ्या गाड्यांचे हौशी लोक तिच्याकडे यायचे ते एकाच कारणासाठी. ऋतुजाने शनिवार सांगितला की शनिवार, आणि तोही सकाळी. एकदाही चुकलेली नव्हती.

तिने सलिलची गाडी मागून दाबून सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि हो-हो म्हणत राहिली.

"मागचा शॉकअप गेलाय. आतलं तेल कधीच वाहून गेलं. खड्ड्यात एकदा गेली की पुढच्या चौकापर्यंत डोलत राहत असेल."

"हो! मला वाटलं, कम्फर्ट म्हणतात तो हाच."

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर गाडीला लावायच्या वस्तूंची यादी होती. उंच काच, जास्तीचे दिवे, मोबाइलचा स्टँड…

"गरम होणारी हँडलं?" ऋतुजा वाचता वाचता थांबली. "कर्वेनगरात बर्फ पडायला लागला का?"

"लांबच्या प्रवासात उपयोगी पडतात म्हणे."

"बरं. आत्तापर्यंत लांबात लांब कुठे गेलात?"

"लोणी काळभोर."

"आणि तिथून?"

"…परत."

पुढच्या भागातली ठकठक क्षणभर थांबली. बाबांचे कान इकडेच होते.

"मग आता कुठली स्वारी?"

सलिलने खाली बघत सांगितलं, "साताऱ्याला. तीन आठवड्यांनी रविवारी. मुलगी बघायला." आणि मग न विचारताच बाकीचंही सांगून टाकलं. आईने स्थळांच्या साइटवर त्याची आवड म्हणून 'मोटरसायकलवरून भारतभ्रमण' असं लिहिलं होतं. साताऱ्याच्या प्रियदर्शनीला तेच आवडलं. "आईने त्यांना सांगितलंय, मुलगा गाडीवरूनच येईल. आई-बाबा मागून कारने."

"आणि तुम्ही ते खोडलं नाहीत."

"वाचायला फार छान वाटत होतं हो."

तिला हसू आलं. ते तिने पाना उचलायच्या निमित्ताने खाली वाकून आवरलं. "वजन किती?"

"दोनशे चाळीस किलो, बॉक्स सोडून—"

"गाडीचं नाही. तुमचं. स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे मागवावी लागते."

सलिलने श्वास आत घेतला आणि पोटही. "चौऱ्याहत्तर."

ऋतुजाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग फॉर्मवर शांतपणे लिहिलं, शहाऐंशी.

शॉकअप चेन्नईहून यायचा होता. तोपर्यंत गाडी दुकानातच राहणार होती, त्यामुळे मालकाने रोज यायचं काही कारण नव्हतं. तो रोज आला. एकदा मोबाइलचा स्टँड कुठला घ्यावा ते विचारायला, एकदा तो घेतलेला स्टँड चुकीचा आहे हे ऐकायला. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं तेल बदलताना त्याने नळी धरली आणि निम्मं तेल शर्टवर घेतलं.

"शर्ट नवा होता?"

"हो."

"इथे नवा शर्ट घालून कशाला आलात?"

त्याचे कान तांबडे झाले.

उंच काच बसवायच्या दिवशी तिने त्याला गाडीवर बसवलं आणि एक पुठ्ठा त्याच्या तोंडासमोर धरला. काचेची कड कुठे यायला हवी, ते डोळ्यांच्या उंचीवरून ठरतं. पुठ्ठा ती हळूहळू खाली घेत गेली. आधी केस दिसले, मग भुवया, मग ते दिलगीर डोळे. ते तिच्याकडेच बघत होते.

"समोर बघा."

"समोरच बघतोय."

"रस्त्याकडे हो."

"रस्ता कुठे दिसतोय? समोर तुम्ही आहात."

तो हे अगदी साधेपणाने, तक्रार केल्यासारखं बोलला. आपण काय बोललो हे नंतर त्याच्या लक्षात आलं. ऋतुजाने पुठ्ठ्यावर पेन्सिलने खूण केली. मग बघितलं, तर रेघ तिरकी आली होती. दहा वर्षांत तिची रेघ तिरकी आली नव्हती.

साताऱ्याच्या रविवाराआधीच्या बुधवारी पार्सल आलं.

ऋतुजाने ते उघडलं. काळाभोर शॉकअप, त्यावर पिवळी स्प्रिंग, वजन बरोबर, माप बरोबर. गाडीवर चढवायला दोन तास पुरले असते. तिने फोन हातात घेतला, सलिलचा नंबर काढला… आणि फोन खाली ठेवला. मग खोका बंद केला आणि कामाच्या टेबलाखाली सरकवला. का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर द्यावं लागलं असतं.

संध्याकाळी सलिल आला. "आला का?"

"अजून आलेला नाही."

"अरे वा!" तो म्हणाला. "म्हणजे… अरेरे."

तो गेल्यावर बाबांनी हातोडी खाली ठेवली. "ऋतू, टेबलाखाली खोका कसला?"

"जुनं सामान."

"जुन्या सामानावर आजची तारीख?"

तिने पाना पुसायला घेतला.

"चाळीस वर्षं भांडी ठोकतोय मी," बाबा म्हणाले. "पोचा काढायचा, तर आधी पोचा आहे असं म्हणावं लागतं."

"मला काही पोचा-बिचा पडलेला नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि तिच्या टेबलाशी येऊन त्यांनी पायाने तो खोका आणखी आत ढकलला.

गुरुवारी सलिल आला, तेव्हा 'अजून आलेला नाही' हे वाक्य ती पुन्हा बोलली. ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. शुक्रवारी मात्र सलिल आला तो हेल्मेट घेऊनच.

"गाडी उद्या नेतो. आहे त्याच शॉकअपवर जाईन. आईने शब्द दिलाय, आता फिरवता येत नाही."

"मध्ये खंबाटकी आहे," ऋतुजा म्हणाली. "भरलेले बॉक्स, वळणं, आणि मागून गाडी डोलतेय. वळणात ती तुमचं ऐकणार नाही."

"हळू जाईन."

त्या रात्री ती नीट झोपली नाही. तिच्या डोळ्यांसमोर सारखं एकच वळण येत होतं. तो जाऊ नये असं तिला वाटत होतं, ते वाटणं तिचं होतं. पण तो पडला असता, तर ते तिच्यामुळे झालं असतं. सकाळी सलिल यायच्या आत तिने खोका बाहेर काढला.

"आला!" खोका पाहून तो म्हणाला. आवाजात आनंद जेमतेमच होता.

"आला," ती म्हणाली. कधी, ते तिने सांगितलं नाही.

शॉकअप चढला. तिने त्याला गाडीवर बसवलं आणि मागे टेप लावून गाडी किती दबते ते मोजायला लागली. सलिल अस्वस्थ होऊन चुळबुळत होता.

"हलू नका."

"ऐका ना… स्प्रिंग चुकीची आलीय. म्हणजे चूक माझी आहे. मी चौऱ्याहत्तर नाहीये. मी… शहाऐंशी आहे."

"माहितीय. शहाऐंशीचीच मागवलीय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"धंदा आहे माझा." टेपवरचा आकडा अगदी हवा तिथे आला होता. "आणि पोट आत ओढलं, तरी वजन तेवढंच राहतं."

तो मोठ्याने हसला. तीही हसली. मग ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसली आणि शॉकअपचा स्क्रू एकेक टिच ऐकत फिरवत राहिली. एक टिच कमी, गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर, पुन्हा एक टिच. दुसऱ्या मुलीला बघायला जाणाऱ्या माणसाची गाडी तिने इतकी मन लावून जुळवली, की शेवटी सलिल स्वतःच म्हणाला, "आता पुरे ना?"

"घाटात कोपरं सैल ठेवा. वळणाच्या पुढे बघा, चाकाकडे नाही."

"आणि तिथे पोचल्यावर? काय बोलू?"

स्क्रू ड्रायव्हर पुसता पुसता ती म्हणाली, "खरं काय ते बोला."

रविवारी दुकान बंद असतं. ऋतुजा तरीही गेली. एक फोर्क उघडला, बघितला, पुन्हा बंद केला. दुपारी बाबा डबा घेऊन आले आणि काही न विचारता बसून राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "घाटातून काही बातमी नाही म्हणजे गाडी नीट पोचली." तिला तेवढ्यावरही रडू आलं. स्वतःच्या कामाचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

सोमवारी सकाळी साडेनऊला सलिल चालत आला. गाडी त्याने मोठ्या रस्त्यावर लावली होती. दारात उभा राहून तो एका दमात बोलायला लागला.

"गाडी कसली चालली हो! खंबाटकीच्या वळणात अशी बसली, जशी रस्त्याचा हात धरून चाललीय… मी हेल्मेटमध्ये ओरडलो. एकटाच!"

"आणि पुढे?" तिने शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं. "मुलगी?"

"प्रियदर्शनीने विचारलं, प्रवास कसा झाला. मी सांगितलं."

"किती वेळ?"

"पोहे गार झाले." त्याने मान खाली घातली. "मग ती म्हणाली, तुम्ही अर्ध्या तासात माझं नाव एकदाही घेतलं नाहीत. ऋतुजा हे नाव मात्र एकोणीस वेळा घेतलंत."

"मोजलं तिने?"

"संख्याशास्त्र शिकवते ती. फार चांगली आहे. म्हणाली, चहा घ्या आणि सरळ पुण्याला जा. निघताना आईने अक्षरही काढलं नाही. रात्री जेवताना म्हणाली, ही ऋतुजा करते काय?"

पुढच्या भागातली ठकठक कधीच बंद झाली होती.

"ऋतुजा," तो म्हणाला, आणि थांबला. "खरं बोला म्हणालात ना… मला रोज मोबाइलचा स्टँड वगैरे काही विचारायचं नसायचं. मला तुम्ही आवडता. मला यायचं असायचं. एवढंच."

ऋतुजाने हातातला पाना खाली ठेवला.

"शॉकअप बुधवारीच आला होता," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"गेल्या. टेबलाखाली होता. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी… तीन दिवस मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि तुम्ही त्या मेलेल्या शॉकअपवर घाटात जायला निघालात. तुम्हाला काही झालं असतं तर… माफ करा. धंद्यात असं मी कधी केलं नाही."

सलिल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"तुम्ही? तारखेच्या पक्क्या ऋतुजाने शॉकअप लपवला? का?"

"इंजिनिअर आहात ना? काढा शोधून."

"नाही. खरं काय ते बोला."

तिने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा एका हंड्याच्या आत फार लक्षपूर्वक बघत होते.

"तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं," ती म्हणाली. "साताऱ्याला. किंवा कुठेही."

गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सलिल नुसता हसत उभा राहिला, इतका वेळ, की शेवटी ऋतुजालाच काहीतरी बोलणं भाग पडलं.

"आता जा. ऑफिस आहे तुमचं, आणि मला काम आहे. संध्याकाळी ये."

हे तिच्या तोंडून निसटलं. ती लाल झाली, पण शब्द मागे घेतला नाही.

"येतो," तो म्हणाला, आणि त्यानेही धीर गोळा केला. "तू… असशील ना?"

"दुकान माझं आहे. मी नसेन तर कोण असणार?" ऋतुजा म्हणाली. "लवकर ये."